नेपथ्य पालटले, बातमीचे काय?

(नारद जयंतीनिमित्त बारामती आणि इंदापूर परिसरातील श्रोत्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देवर्षी नारदांना आद्य पत्रकार मानण्याची परंपरा आहे. त्यांच्याविषयी श्रीमद्भागवतात एक कथा येते. नारदांच्या उपदेशाने दक्ष प्रजापतीचे पुत्र विरक्त होऊन निघून गेले. संतापलेल्या दक्षाने नारदांना शाप दिला की, तू तिन्ही लोकांत भटकत राहशील, तुला कोठेही स्थिर ठाव मिळणार नाही. नारदांनी तो शाप शांतपणे स्वीकारला. दक्षाच्या दृष्टीने ती शिक्षा होती. पत्रकारितेच्या दृष्टीने मात्र ते वरदानच ठरले. ज्याला ठाव नाही तो सर्वत्र जातो, आणि जो सर्वत्र जातो त्यालाच तिन्ही लोकींची वार्ता कळते. नारदांजवळ वीणा होती, मुखी नारायणाचे नाम होते आणि पायांना विश्रांती नव्हती. त्यांना आसन नव्हते, मंच नव्हता, पाठीमागे रंगविलेला पडदा नव्हता.

आजच्या वृत्तवाहिन्यांना मात्र ठाव आहे, आणि तो दिवसेंदिवस अधिक देखणा होत चालला आहे. मजल्याएवढ्या उंच प्रकाशभिंती, काचेची मेजे, निवेदकाभोवती फिरणारे कॅमेरे, दर काही वर्षांनी नवे बोधचिन्ह, नवी रंगसंगती, नवे संगीत. हिरव्या पडद्यापुढे उभ्या असलेल्या निवेदकामागे संगणक हवे ते दृश्य उभे करतो. घटकेत संसद, घटकेत रणभूमी, घटकेत धरणाचा जलाशय. निवेदक स्वतः जागचा हललेला नसतो. नारदांचा शाप वाहिन्यांनी जणू उलटा करून घेतला आहे. आता बातमीसाठी कोणी कोठे जावयाचे नाही. सर्व लोकांनीच मंचावर यावयाचे!

हा केवळ सौंदर्यदृष्टीचा प्रश्न आहे का? तसे असते तर त्यावर तासभर बोलण्याचे प्रयोजन नव्हते. हा प्रश्न बारामती-इंदापूरच्या माणसाच्या जगण्याशी कसा येऊन भिडतो, हे २०२४ च्या उन्हाळ्यातील चाळीस दिवसांनी दाखवून दिले.

चाळीस दिवसांची कहाणी

१६ एप्रिल २०२४ या दिवशी ‘डीडी न्यूज’ ही राष्ट्रीय प्रसारकाची वृत्तवाहिनी नव्या रूपात समोर आली. नवे स्टुडिओ, नवी यंत्रसामग्री, नवी मांडणी. आणि त्याबरोबर बोधचिन्हाचा रंगही बदलला. पूर्वीच्या लाल रंगाच्या जागी केशरी रंग आला. लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागू होती. साहजिकच गदारोळ उठला. प्रसार भारतीचे माजी मुख्याधिकारी आणि तृणमूल काँग्रेसचे तत्कालीन खासदार जवाहर सरकार यांनी ‘भगवीकरणा’चा आरोप केला. तो रंग नारिंगी असून दृश्य आकर्षकतेसाठी निवडला आहे, असे प्रसार भारतीचे मुख्याधिकारी गौरव द्विवेदी यांनी स्पष्ट केले. कित्येक दिवस चर्चा झडली, ती रंगाची.

७ मे या दिवशी बारामती लोकसभा मतदारसंघात मतदान झाले. बारामती आणि इंदापूर ही दोन्ही विधानसभा क्षेत्रे या मतदारसंघात येतात. देशभरच्या वाहिन्यांचे तळ येथे पडले होते. पडद्यावर ‘नणंद विरुद्ध भावजय’ हे शीर्षक झळकत होते. एका घराण्यातील दुही हा नाट्यमय विषय खराच. परंतु त्या वेळी या भूमीवर आणखी काय घडत होते? ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य शासनाने ज्या चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके होते. उजनी धरण वजा साठ्यात गेले होते. बारामतीच्या जिरायती पट्ट्यात जानाई-शिरसाई योजनेच्या पाण्याची वाट पाहिली जात होती. निवडणूक ही अशा प्रश्नांचा जाब विचारण्याची वेळ असते. रंगमंच मात्र कौटुंबिक नाटकासाठी सजला होता, आणि सजविलेल्या मंचावर दुष्काळाला भूमिका नव्हती.

२१ मे या दिवशी सायंकाळी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे येणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात सापडून उजनी जलाशयात उलटली. सहा जण मृत्युमुखी पडले. एक पोलीस अधिकारी पोहून काठाला लागला, म्हणून घटना वेळेवर कळली. त्यानंतर कॅमेरे आले, शोधकार्याची दृश्ये देशभर दिसली.

आणि २६ मे या दिवशी, म्हणजे कळाशीच्या दुर्घटनेनंतर पाचव्या दिवशी, ‘डीडी किसान’ या शेतकऱ्यांसाठीच्या वाहिनीने आपल्या नवव्या वर्धापनदिनी नवे रूप धारण केले. ‘कृष’ आणि ‘भूमी’ हे दोन निवेदक पडद्यावर आले. ते मानव नव्हते. कृत्रिम बुद्धिमत्तेने घडविलेल्या त्या मूर्ती होत्या. पन्नास भाषांत न थकता, न थांबता बोलण्याची त्यांची क्षमता असल्याचे सांगण्यात आले.

१६ एप्रिल ते २६ मे, बरोबर चाळीस दिवस. या चाळीस दिवसांत वृत्तवाहिन्यांचे रंग, मंच आणि निवेदकही नवे झाले. प्रश्न एवढाच की, कळाशीच्या काठावर दुर्घटनेच्या आदल्या दिवशी कोण होते?

काठावरचा प्रश्न

हा प्रश्न दोषारोपासाठी नाही, समजून घेण्यासाठी आहे. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. भीमेचे पाणी पसरले, जुने रस्ते आणि पाणंदी जलाशयाखाली गेल्या. जी गावे एकमेकांना हाकेच्या अंतरावर होती, त्यांच्यामध्ये अथांग पाणी उभे राहिले. रस्त्याने जावयाचे तर मोठा वळसा. म्हणून माणसे बोटीने ये-जा करू लागली. बाजार, दवाखाना, सोयरीक, सारे त्या बोटीवर अवलंबून. बोटीत जीवरक्षक जाकिटे आहेत का, किती माणसे बसवावीत, वादळाची सूचना नावाड्यापर्यंत कशी पोहोचते, ही विचारणा दुर्घटनेच्या आधी वर्षानुवर्षे व्हावयास हवी होती. ही बातमी प्रकाशभिंतीवर दिसत नाही. ती काठावर जाऊन, नावाड्याजवळ बसून, पलीकडच्या तीरावर उतरूनच मिळते. ती पायांनी मोजावी लागते.

उजनीच्याच पाण्याचे दुसरे उदाहरण घ्यावे. एप्रिल २०२१ मध्ये उजनीतून इंदापूर तालुक्यासाठी पाच टीएमसी पाणी उचलण्याच्या योजनेबाबत शासकीय आदेश निघाला. सोलापूर जिल्ह्यात तीव्र आंदोलन झाले आणि मे महिन्यात तो आदेश रद्द झाला. पडद्यावर हा विषय ‘इंदापूर विरुद्ध सोलापूर’ असा दोन चौकटींत आला. एका चौकटीत एक नेता, दुसरीत दुसरा, मध्ये निवेदक. परंतु इंदापूरच्या कोरड्या गावांची मागणी नेमकी कोणती, सांडपाण्याच्या रूपाने पुण्याहून येणारे पाणी कोणाचे, मूळ आराखड्यात कोणाचा किती हक्क, हे समजावून देण्यास चौकट अपुरी पडते. दोन चौकटींच्या मांडणीत भांडणच बसते, पाणी बसत नाही. नेपथ्य असे हळूहळू आशयाला आपल्या मापात कापून घेते.

एका साध्या मेजापासून

हे नेहमीच असे होते का? २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि पुढील वर्षी सिंहगडावरील प्रक्षेपणामुळे ते पुणे परिसरात दिसू लागले. त्या काळच्या मराठी बातम्यांचे नेपथ्य म्हणजे एक साधे मेज आणि मागे एक पडदा. भक्ती बर्वे, स्मिता पाटील यांच्यासारख्या पुढे अभिनयात कीर्ती मिळविणाऱ्या व्यक्तींनीही तेथे बातम्या वाचल्या; पण बातम्या वाचताना अभिनय केला नाही. प्रदीप भिडे यांचा धीरगंभीर स्वर तर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांच्या कानांत बसला. २०२२ मध्ये ते निवर्तले, तेव्हा लोकांना आठवले ते त्यांचे उच्चार आणि संयम. त्यांच्यामागे पडदा कोणत्या रंगाचा होता, हे कोणास आठवते?

त्याच केंद्राचा ‘आमची माती, आमची माणसं’ हा कार्यक्रम शेतकरी आवर्जून पाहत असे. त्याचे आकर्षण नावातच होते. माती आमची आणि माणसेही आमची.

त्या काळास सुवर्णकाळ म्हणून मिरविण्याचेही कारण नाही. सरकारी प्रसारकावर सरकारची छाया होती, आणीबाणीत तर ती फारच गडद झाली. म्हणूनच खाजगी वाहिन्या आल्या, तेव्हा समाजाने त्यांचे स्वागत केले. २००७ मध्ये ‘झी २४ तास’ आणि ‘स्टार माझा’, २००८ मध्ये ‘आयबीएन लोकमत’ अशा मराठी वृत्तवाहिन्या पाठोपाठ सुरू झाल्या. तालुक्याची बातमी राज्यभर दिसू लागली, अधिकाऱ्यांना उत्तरे द्यावी लागली. हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

या वाहिन्यांच्याच इतिहासात एक बोधप्रद प्रसंग आहे. भागीदारी बदलली आणि १ जून २०१२ रोजी ‘स्टार माझा’चे नाव ‘एबीपी माझा’ झाले. बोधचिन्ह बदलले, आद्याक्षरे बदलली. परंतु खेड्यापाड्यांतील प्रेक्षक आधीही ‘माझा’ म्हणत होता, नंतरही ‘माझा’च म्हणत राहिला. कोट्यवधी रुपये खर्चून घडविलेल्या नाममुद्रेतून लोकांनी तेवढाच शब्द उचलला, ज्यात आपलेपणा होता.

मंच महाग, वार्ताहर स्वस्त

मग एवढा खर्च मंचावरच का होतो? कारण व्यवहारात आहे. एकदा उभारलेला मंच चोवीस तास राबविता येतो. चार पाहुणे बोलावले, एक विषय दिला की तासाची निश्चिंती. त्याउलट इंदापूरच्या एका गावी जाऊन, दोन दिवस राहून, कागदपत्रे पाहून केलेली बातमी पडद्यावर दोन मिनिटांत संपते. तालुक्याच्या ठिकाणी काम करणारा वार्ताहर पुष्कळदा पगारी नसतो. बातमीमागे मानधन, तेही लागली तर. दुचाकी त्याची, पेट्रोल त्याचे, चित्रीकरण त्याच्याच मोबाइलवर. वाहिनीने त्याला दिलेली एकमेव वस्तू म्हणजे ‘बूम’, बोधचिन्हाचे खोके बसविलेला माइक. वाहिनीचे रूप पालटले की त्याच्या हातचे खोके पालटते. त्याचे दिवस मात्र पालटत नाहीत.

त्यात प्रेक्षकसंख्या मोजण्याच्या पद्धतीची भर. ‘बार्क’ या संस्थेने ग्रामीण प्रेक्षक मोजण्यास २०१५ मध्ये आरंभ केला. त्यापूर्वी खेड्यातील प्रेक्षक या गणतीत नव्हताच. ऑक्टोबर २०२० मध्ये टीआरपीतील गैरप्रकारांच्या आरोपांनंतर वृत्तवाहिन्यांची आकडेवारी स्थगित झाली, ती मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात बातमीचा दर्जा सुधारण्याची संधी होती. तथापि स्पर्धा पडद्याच्या झगमगाटाचीच राहिली.

रंगाचे उत्तरदायित्व

येथे त्या केशरी बोधचिन्हाकडे पुन्हा वळणे आवश्यक आहे, कारण या प्रश्नावर मौन बाळगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. रंग पाहून ज्यांनी कल्लोळ केला, त्यांना या देशाच्या ध्वजातच केशरी रंग आहे, याचे विस्मरण झाले असावे. तो रंग कोणाच्या मालकीचा नाही, आणि त्याची भीती वाटण्याचेही कारण नाही. परंतु ज्यांना तो रंग पाहून आनंद झाला, त्यांच्यावर अधिक मोठी जबाबदारी येते. केशरी हा त्यागाचा रंग आहे. संन्यासी तो अंगावर घेतो, ते सर्वस्व सोडल्यानंतर. तो धारण करणाऱ्याकडून समाज अधिक सत्याची, अधिक निःस्पृहतेची अपेक्षा करतो. बोधचिन्हाला केशरी रंग दिल्याने बातमी पवित्र होत नाही. सत्तेतील कोणत्याही पक्षाला रुचणारे तेवढेच सांगणारी बातमी त्या रंगाखाली आली, तर उणेपणा त्या रंगालाच येतो.

दूरदर्शनच्या जुन्या बोधवाक्यातच याचे उत्तर आहे: सत्यं शिवं सुन्दरम्. पूर्वजांनी हा क्रम विचारपूर्वक लावला आहे. आधी सत्य, मग कल्याण आणि शेवटी सौंदर्य. सौंदर्य वर्ज्य नाही. पंढरीचा पांडुरंगही नित्य पोशाख आणि अलंकार धारण करतो. पण अलंकार शोभतात ते मूर्तीवर; गाभारा रिकामा असेल तर दागिन्यांची पेटी उघडी ठेवून दर्शन घडत नाही. आजचा दोष सुन्दराच्या उपस्थितीत नाही. सुन्दर पहिल्या स्थानी येऊन बसले आणि सत्य पडद्याखालच्या पट्टीत सरकले, हा तो दोष आहे.

बारामतीच्या मातीतले दोन धडे

या परिसराला हे नव्याने शिकविण्याची गरज नाही. कविवर्य मोरोपंतांनी बारामतीतच वास्तव्य करून आपली प्रचंड आर्यारचना केली. त्यांची आर्या घरोघरी पोहोचली ती पुराणिकांच्या आणि कीर्तनकारांच्या मुखांतून. कीर्तनकाराला नेपथ्य कसले? एक माणूस उभा राही आणि श्रोत्यांपुढे कुरुक्षेत्र उभे करी. त्याचे बळ होते पाठांतरात, व्यासंगात आणि समोरच्या माणसाला ओळखण्यात.

दुसरा धडा आजचा आहे. बारामतीच्या अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या सहकार्याने ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग हाती घेतला. जमिनीतील संवेदक ओलावा मोजतात, उपग्रह पिकाची स्थिती टिपतो, हवामान केंद्र वाऱ्या-पावसाची नोंद घेते आणि पाणी कधी व किती द्यावे, याची सूचना शेतकऱ्याच्या मोबाइलवर येते, मराठीतही. म्हणजे एकच तंत्रज्ञान दोन ठिकाणी आले. दिल्लीच्या स्टुडिओत ते निवेदकाच्या चेहऱ्यात घातले गेले. बारामतीच्या फडात ते मुळांपाशी पुरले गेले. तेथे ते माणसासारखे दिसते, येथे ते माणसाच्या उपयोगी पडते. ‘कृष’ आणि ‘भूमी’ पन्नास भाषा बोलतील. परंतु त्यांना कळाशीच्या नावाड्याला प्रश्न विचारता येणार नाही. बांधावर जाऊन माती हातात घेता येणार नाही. चूक झाली तर त्यांना लाजही वाटणार नाही. पत्रकारितेत लाज हा मोठा गुण आहे.

येथे एक विसंगती ध्यानात घ्यावी. बारामतीत ‘वसुंधरा वाहिनी’ आणि ‘शारदा कृषी वाहिनी’ अशी सामुदायिक नभोवाणी केंद्रे उभी राहिली. शेती, आरोग्य, महिला, लोककला असे विषय ती स्थानिकांच्याच आवाजात मांडतात. सामुदायिक केंद्राच्या प्रक्षेपणाची शक्ती शंभर वॅटपर्यंत मर्यादित असते. आवाज साधारण दहा-पंधरा किलोमीटर जातो. परंतु केंद्र शासनाच्या धोरणानुसार अशा केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. बाजारभाव, हवामान, स्थानिक कार्यक्रम सांगता येतात. वृत्त आणि चालू घडामोडींवर बंधन. ज्यांचे पाय या मातीत आहेत त्यांना बातमी वर्ज्य, आणि ज्यांना बातमीची मुभा त्यांचे पाय स्टुडिओच्या चकचकीत फरशीवर! ही व्यवस्था पुन्हा तपासण्याची वेळ आली आहे.

वारीने दाखविलेली वाट

निराशेचे कारण मात्र नाही. दर आषाढीला तुकोबारायांची पालखी याच भागातून जाते. काटेवाडीला धोतरांच्या पायघड्या पडतात, मेंढ्यांचे रिंगण होते. बेलवाडीला आणि इंदापूरला अश्व धावतात. सराटीजवळ नीरेच्या पाण्यात पादुकांना स्नान घडते. त्या दिवसांत हेच वार्ताहर वारकऱ्यांबरोबर चालतात, उन्हातान्हात दिंडीत बसून बोलतात. त्या वेळी कोणी प्रेक्षक म्हणत नाही की, मागे प्रकाशभिंत नाही. घरोघरी ते वृत्त आवडीने पाहिले जाते. बातमी चालू लागली की समाज तिच्याबरोबर चालतो, हे वारीने सिद्ध केले आहे. जे आषाढात जमते ते वैशाखातल्या टँकरच्या रांगेसाठी आणि उजनीच्या काठासाठी का जमू नये?

म्हणून काही गोष्टी समाजाने मागितल्या पाहिजेत. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र शासनाने प्रसार भारतीच्या पायाभूत सुविधांसाठी २,५३९ कोटी ६१ लाख रुपयांची ‘बाइंड’ योजना मंजूर केली. हा जनतेचा पैसा आहे. स्टुडिओ आधुनिक व्हावेत, यात दुमत नाही. पण अशा प्रत्येक खर्चाबरोबर तालुक्यातालुक्यांत प्रशिक्षित आणि पगारी वार्ताहर किती नेमले, हेही सांगितले जावे. सामुदायिक नभोवाणीला, योग्य नियमांच्या चौकटीत, स्थानिक बातम्या देण्याची परवानगी मिळावी. खाजगी वाहिन्यांनी नवे बोधचिन्ह मिरविताना बूम धरणाऱ्या हाताच्या मानधनाचा विचार करावा.

आणि प्रेक्षकानेही आपल्या घरात एक सवय लावून घ्यावी. बातमी संपली की मुलाबाळांसह स्वतःला विचारावे: ही बातमी आणण्यासाठी कोण कोठे गेले होते? उत्तर मिळाले तर ती बातमी. उत्तर मिळाले नाही तर ते केवळ नेपथ्य. गावात येणाऱ्या वार्ताहराला चहापाणी विचारावे आणि खरी माहितीही निर्भयपणे द्यावी. त्याने सत्य सांगितले म्हणून कोणी त्याला त्रास देऊ लागले, तर गावाने त्याच्या पाठीशी उभे राहावे.

नारदांना दक्षाने शाप दिला होता, तो त्यांनी व्रत म्हणून आयुष्यभर पाळला. त्यांच्या जयंतीला वाहिन्यांकडे समाजाने एवढेच मागावे की, त्यांनी आपला मंच खुशाल सजवावा. मात्र वर्षातून काही दिवस तरी तो रिकामा ठेवून कळाशीच्या काठावर यावे. बोट उलटण्याच्या आधी यावे.